म्हातारपणची काठी कोणाच्या हाती?

शेतकरी कधी निवृत्त होत नाही. सुतार, लोहार, शिंपीही होत नाहीत. हातपाय चालतात तोवर काम करायचे आणि ते थकले की मुलाच्या संसारात दोन घास खायचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ‘निवृत्ती’ हा शब्द मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचे नावच ते होते. पण त्या निवृत्तीचा पेन्शनीशी काही संबंध नव्हता. अमुक तारखेला, हार आणि नारळ घेऊन, अंगात बळ असतानाच काम सोडायचे आणि पुढची वीस वर्षे साठवलेल्या पैशावर काढायची, ही कल्पना आपल्या घरांत नोकरीबरोबर आली. म्हणजे तिला जेमतेम तीन पिढ्या झाल्या आहेत.

या तीन पिढ्या आज अनेक घरांत एकाच छपराखाली नांदत आहेत आणि पैशाचा विषय निघाला की त्यांचे जमत नाही. आजोबा म्हणतात, “पोस्टात टाक, मुद्दल तरी जाणार नाही.” नातू म्हणतो, “आजोबा, पोस्टात टाकलेले पैसे महागाई खाते.” बाबा दोघांचेही ऐकतात आणि महिनाअखेरीस घराचा हप्ता भरून गप्प बसतात. मग आजोबांना वाटते की पोरे उधळी झाली. पोरांना वाटते की म्हातारी माणसे भित्री आहेत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण एका पिढीला शहाणपण वाटते, दुसरीला अडाणीपणा.

हा वाद स्वभावाचा नाहीच. प्रत्येक पिढीने पैशाशी जे नाते जोडले, ते त्या काळाने तिला कशाची हमी दिली होती यावरून ठरले. म्हातारपणाचा धोका कोणी पेलायचा, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीला बदलत गेले. आधी तो कुटुंबाने पेलला, मग मालकाने आणि सरकारने, आणि आता तो ज्याचा त्याने पेलायचा आहे. हे नीट पाहिले तर घरातल्या भांडणाचा सूर बदलेल आणि उद्याच्या तयारीचा विचारही अधिक शहाणपणाने करता येईल.

जमीन, मुलगा आणि सोने

पणजोबांच्या काळी म्हातारपणाची तरतूद तीन ठिकाणी असे: जमीन, मुलगा आणि सोने. जमीन पोटापुरते देई, मुलगा ती कसे आणि सोने अडीनडीला गहाण पडे. कोकणातून मुंबईला आलेला चाकरमानी खानावळीत जेवून, खोलीत दहाजणांबरोबर राहून गावी मनीऑर्डर पाठवी, ती याच हिशोबाने. गावचे घर शाकारून ठेवणे आणि चार कलमे लावणे हीच त्याची निवृत्तीची योजना होती. थकल्यावर तो गावी परत जाई. शहर कमावण्यासाठी आणि गाव म्हातारपणासाठी, अशी ती सरळ वाटणी होती.

घरातल्या बायकांचे अर्थकारण याहून वेगळे आणि बरेचसे लपलेले असे. तांदळाच्या डब्यात दडवलेल्या नोटा, आळीतली भिशी, अंगावरच्या पाटल्या. याला कोणी गुंतवणूक म्हटले नाही, पण मुलाची फी भरायची वेळ आली की तो डबा उघडे. बँकेत खाते काढायला लागणारी सही, साक्षीदार, कागदपत्रे यांतले काहीच या बचतीला लागत नसे, आणि घरच्या पुरुषाची परवानगीही लागत नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. तेव्हा फार थोडी माणसे म्हातारी होत. १९७०-७५ च्या सुमारासही भारतातले सरासरी आयुर्मान ५० वर्षांच्या आसपास होते. २०१६-२० या काळात ते ७० वर पोचले. आज साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी साधारण १८ वर्षे असतात, आणि सरासरी म्हणजे अनेकजण त्याहून बरेच पुढे जाणार. पाच मुलांनी एका विधवा आईला पाच-सात वर्षे सांभाळणे ही एक गोष्ट. एका मुलाने किंवा मुलीने आईवडील आणि सासूसासरे अशा चौघांना वीस वर्षे सांभाळणे ही दुसरी. ‘आमच्या वेळी मुले आईबापांना बघत’ असे म्हणताना हा गुणाकार ध्यानात घ्यायला हवा.

पोस्ट, प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत देशाने पगारदार माणसासाठी एक मोठी इमारत उभी केली. १९५२ साली कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला. १९५६ साली विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. १९६४ साली युनिट ट्रस्टने पहिली युनिट्स विकली. १९६८ साली पीपीएफ आला, १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. आजच्या आजोबांची सारी आर्थिक समजूत या इमारतीत घडली.

सरकारी नोकराला तर शेवटच्या पगाराच्या निम्मे पेन्शन, त्यावर महागाईभत्ता, त्याच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. एवढे पाठीशी असताना माणसाने पैशाचा वेगळा विचार करायचा तो कशाला? पोटाला चिमटा घेऊन पै पै साठवायची, मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण करायचे, विम्याचा हप्ता चुकवायचा नाही आणि निवृत्तीच्या पैशातून जमले तर दोन खोल्या घ्यायच्या. एवढ्यावर आयुष्य सुखाने निभावे.

शिवाय व्याज भरघोस होते. १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळे. नव्वदच्या दशकात भविष्य निर्वाह निधीवरही १२ टक्के होते. १९८६ साली आलेल्या इंदिरा विकास पत्रात पैसे पाच वर्षांत दुप्पट होत आणि १९८८ च्या किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत. ‘पैसे दुप्पट’ हे शब्द त्या पिढीच्या कानात अजून घुमतात. तेव्हा महागाईही मोठी होती, १९९१ साली ती १३ टक्क्यांच्या पुढे गेली होती, म्हणजे दुप्पट झालेल्या पैशाची खरेदीशक्ती काही दुप्पट होत नव्हती. पण पासबुकावरचा आकडा वाढताना दिसे आणि मुद्दलाला धक्का लागत नसे. आजोबांचा पोस्टावरचा विश्वास हा भित्रेपणा नाही. तो चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

ज्यांच्या वाट्याला ती इमारत आली नाही

मात्र या सुबत्तेच्या कहाणीत सगळा महाराष्ट्र येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्यामागे गिरण्याही. ज्या कामगाराला फंड आणि ग्रॅच्युइटी म्हणजे म्हातारपणची काठी वाटत होती, त्याच्या हातात चाळिशीतच ती मोडून पडली. फंडातले पैसे मुलांच्या पोटात गेले. काहीजण गावी परतले, काही रखवालदार झाले, काहींच्या बायका डबे करून देऊ लागल्या.

गिरणगावातल्या त्या घरांतून मोठ्या झालेल्या मुलांनी पैशाबद्दल वेगळाच धडा घेतला. फंड असला म्हणजे म्हातारपण सुरक्षित असे नाही. नोकरी टिकली तर फंड टिकतो. पुढे नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि पुण्याच्या कारखान्यांतून ‘स्वेच्छानिवृत्ती’चे वारे आले, २०००-०१ साली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली, तेव्हा हाच धडा मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीच्या माणसाच्या हातात एकदम काही लाख रुपये आणि पुढे महिन्याचा पगार नाही. एवढी रक्कम एकरकमी हाताळण्याची सवय त्या पिढीला कोणी लावली होती?

शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, फेरीवाले यांच्या बाबतीत तर इमारतीचा पायाही घातला गेला नव्हता. त्यांचे म्हातारपण अजूनही बरेचसे पणजोबांच्याच व्यवस्थेवर, म्हणजे मुलांवर, उभे आहे. फक्त जमीन आणि सोने तेवढे नाही.

व्याजाचा जमाना ओसरला

जानेवारी २००० मध्ये पीपीएफचा व्याजदर १२ वरून ११ टक्क्यांवर आला. बातमी छोटी होती, पण एक युग तिथे संपले. एप्रिल २०२० मध्ये हा दर ७.१ टक्क्यांवर उतरला. निवृत्तीचे दहा लाख रुपये १२ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला दहा हजार रुपये सुटत. तेच ७ टक्क्यांनी ठेवले तर सुमारे ५,८३३ रुपये. ज्याने बाराच्या हिशोबाने म्हातारपण आखले, त्याचे उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आले, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ या योजनेतली खरेदी-विक्री थांबवली. ही योजना लोकांच्या लेखी शेअर बाजाराची नव्हतीच, ती सरकारची होती. निवृत्तांनी, विधवांनी, संस्थांनी तिच्यात पैसे ठेवले होते ते त्याच भरवशावर. सरकारला मदतीची योजना आणावी लागली, पण भरवशाला तडा गेला तो गेलाच. नंतर हाच अनुभव सहकारी बँकांनी दिला. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. जादा अर्धा-एक टक्का व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच बँकेत ठेवलेली वृद्ध माणसे बंद दारासमोर उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरच्या विम्याचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. ते आले, पण उशिरा.

याच सुमारास सर्वांत मोठा बदल फारसा गाजावाजा न होता घडला. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत लागणाऱ्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागणाऱ्यांना जुने पेन्शन मिळायचे बंद झाले. त्याजागी दरमहा अंशदान, त्याची बाजारात गुंतवणूक आणि शेवटी जे जमेल त्यावर पेन्शन, अशी योजना आली. एकाच शाळेत, एकाच वर्गावर शिकवणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाचे म्हातारपण सरकारच्या जिम्मेवर आणि दुसऱ्याचे बाजाराच्या. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या लाखो कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला, त्यामागे ही तफावत होती. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे पेन्शन, ही तिची हमी. म्हणजे निम्मी वाट सरकार परत आले.

खासगी नोकरीतल्या माणसासाठी मात्र असे कोणी संपावर गेले नाही. त्याच्यासाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिच्यातला हिशोब पुष्कळांना निवृत्त होईपर्यंत ठाऊक नसतो. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७०. या पगाराची मर्यादा २०१४ साली १५ हजार रुपये ठरली. त्या मर्यादेत ३५ वर्षे नोकरी केलेल्याचे पेन्शन साडेसात हजारांच्या आसपास येते, आणि त्यावर महागाईभत्ता नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये झाले. २०२५ सालीही ते तेवढेच होते. एक हजार रुपयांत आज महिन्याची औषधेही येत नाहीत.

नातवाच्या हातातला बाजार

नातवाची पिढी या पार्श्वभूमीवर कमावती झाली. तिला पेन्शनची आशा नाही, व्याजात गोडी नाही आणि नोकरी दर तीन वर्षांनी बदलते. तेव्हा तिने बाजाराकडे वळणे हा उथळपणा कसा म्हणावा? म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणाऱ्यांचा ओघ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथमच महिन्याला २५ हजार कोटींच्या पुढे गेला. नाव ‘एसआयपी’ असले तरी तत्त्व आजीच्या भिशीहून फार दूरचे नाही. दरमहा थोडे, न चुकता. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आजोबांनी शिकवले ते नातवाने ऐकले, फक्त तळे बदलले.

वेळेचे मोलही या पिढीला कळू लागले आहे. तिसाव्या वर्षापासून साठीपर्यंत महिना एक हजार रुपये ८ टक्क्यांनी वाढत गेले तर सुमारे १४ लाख ९० हजार होतात. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीला साडेतीन लाखही होत नाहीत. भरलेले पैसे निम्मे, पण हाती येणारी रक्कम पावपटीहूनही कमी.

पण या पिढीचा दुसरा चेहराही आहे. वायदेबाजारातल्या व्यवहारांचा अभ्यास ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. याला गुंतवणूक म्हणत नाहीत. जुन्या मुंबईत मटक्याचे आकडे लावणारा निदान ते घरी लपवून लावत असे. हा जुगार मोबाइलवर, जेवणाच्या ताटावर बसून आणि ‘अभ्यास’ या नावाखाली चालतो. इथे आजोबांचा ‘मुद्दल जपा’ हा धोशा पुन्हा ऐकण्याजोगा ठरतो. हर्षद मेहताचा १९९२ सालचा घोटाळा त्यांनी पाहिला आहे. सगळेच जेव्हा बाजारात हुशार होतात, तेव्हा काय होते ते त्यांना ठाऊक आहे.

आणि हप्ते! फोन हप्त्यावर, गाडी हप्त्यावर, सहलही हप्त्यावर. २०२२-२३ साली भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम पाच टक्क्यांवर आली, गेल्या काही दशकांतली ती नीचांकी. यातला काही भाग घरकर्जाचा आहे आणि घर ही मालमत्ताच आहे, हे खरे. पण उद्याचे उत्पन्न आजच खर्चून टाकण्याची सवय लागली की म्हातारपणासाठी उरते काय?

मधल्यांची ओढाताण

सर्वांत अवघड जागी उभी आहे ती मधली पिढी. आज पंचेचाळीस ते साठ या वयातली. तिच्या वडिलांना पेन्शन होते, तिला नाही. तिच्या मुलांना कमावल्या दिवसापासून गुंतवणूक कळते, तिला ती चाळिशीत कळली. घराचे कर्ज निवृत्तीपर्यंत चालते, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी लाखांत जाते आणि आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच वर्षी निघते. या सगळ्यांत जे खाते न बोलता रिकामे होते ते स्वतःच्या म्हातारपणाचे. फी न भरली तर कॉलेजातून निरोप येतो. निवृत्तीची तरतूद न केली तर पंधरा वर्षे कोणी विचारत नाही.

या पिढीने एक साधा हिशोब कागदावर मांडावा. आज पस्तिशीच्या माणसाच्या घराला महिना ३० हजार रुपये लागत असतील आणि महागाई सहा टक्के धरली, तर साठाव्या वर्षी त्याच राहणीला सुमारे १ लाख २९ हजार लागतील. पन्नाशीच्या माणसाला तेवढाच अवधी नाही, पण त्याचा आकडाही दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोन पट होईल. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. तो माहीत नसला की माणूस एक तर निष्काळजी राहतो, नाही तर साठीच्या तोंडावर घाबरून कोणाही एजंटाच्या हाती पैसे देतो.

मुले परदेशी असलेल्या घरांत आणखी एक गैरसमज असतो. पुण्याच्या कित्येक घरांत आईवडिलांचे म्हातारपण डॉलरवर चालेल असे गृहीत धरले जाते. पैसे येतातही. पण रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणारा माणूस डॉलरने येत नाही, आणि मुलाची तिकडची नोकरी इकडच्यासारखीच जाऊ शकते.

आईच्या नावावर काय आहे?

निवृत्तीच्या सगळ्या चर्चेत एक माणूस गैरहजर असतो, ती म्हणजे आई. ती कधी नोकरीला नव्हती म्हणून ती निवृत्तही होत नाही. साठीनंतरही चहा तीच करते. बायका सरासरीने पुरुषांहून अधिक जगतात आणि लग्नात बहुधा नवऱ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतात. म्हणजे बहुतेक घरांत म्हातारपणाचा शेवटचा आणि सर्वांत खर्चिक टप्पा एकट्या बाईच्या वाट्याला येतो. त्या वेळी खाते कुठे, पॉलिसी कुठली, लॉकरची किल्ली कोणाकडे, हे तिला माहीत नसते. नवऱ्याचे पेन्शन असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन होऊन त्याचा एक हिस्साच उरतो. नसेल तर सून-मुलाच्या चेहऱ्याकडे पाहायचे.

कायद्याने बरेच दिले आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. देशभर तो २००५ साली आला. तरी ‘हक्कसोडपत्रा’वर बहिणीची सही घेण्याची रीत अजून सुटलेली नाही. आईला भिशीचा हिशोब जमतो, पण बँकेचा अर्ज वडीलच भरतात. हे बदलायला कुठल्या सरकारी योजनेची गरज नाही. घराचा कागदन्‌कागद दोघांच्या नावावर आणि दोघांच्या माहितीत हवा.

मग घराने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे बोलावे. आपल्याकडे मुलाला वडिलांचा पगार लग्नाच्या वयापर्यंत ठाऊक नसतो आणि वडिलांना मुलाचे कर्ज बँकेचा माणूस दारी आल्यावर कळते. वर्षातून एकदा, दिवाळीत म्हणा, सगळ्यांनी एकत्र बसून कुठे किती आहे आणि कुठे किती देणे आहे हे एका वहीत लिहावे. त्या वहीत खात्यांचे नंबर असावेत, विम्याचे असावेत आणि नॉमिनीची नावेही असावीत. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लक्षात घ्यावे. तो रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून मृत्युपत्र करावे. ते केल्याने कोणी लवकर मरत नाही.

दुसरे, वेगवेगळ्या पैशाला वेगवेगळे काम द्यावे. म्हाताऱ्या माणसाचा महिन्याचा खर्च ज्यावर चालतो तो पैसा आजोबांच्या पद्धतीने ठेवावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ च्या अर्थसंकल्पाने १५ लाखांवरून ३० लाख केली, ती याच कामाची आहे. जो पैसा वीस वर्षे लागणार नाही, तो नातवाच्या पद्धतीने वाढू द्यावा. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती जागा बदलल्यावर: पंचविशीच्या मुलाने सगळे पोस्टात ठेवले की आणि सत्तरीच्या माणसाने सगळे शेअर्समध्ये घातले की.

तिसरे, राहते घर हयातीत मुलांच्या नावे करून देण्याची घाई करू नये. प्रेमापोटी बक्षीसपत्र होते आणि वर्षभरात आईवडील मागच्या खोलीत जातात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने निर्वाहखर्च मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परतही मिळवता येते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असली तर वाट सोपी होते. हे लिहून घेताना कोणाचा अपमान होत नाही. न लिहिल्यामुळे नंतर पुष्कळांचा होतो.

चौथे, आजारपणाची तरतूद निवृत्तीच्या पैशापासून वेगळी हवी. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण आयुष्मान भारत योजनेतून ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. तोवरच्या वयात आरोग्यविमा हवाच, आणि तो तब्येत ठणठणीत असतानाच घ्यावा.

एवढे करूनही प्रश्न सुटला असे मात्र नाही. कारण ज्याच्या हाती महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला बचतीचा उपदेश करणे ही चेष्टा आहे. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत महिन्याला एक ते पाच हजार रुपये पेन्शनची हमी आहे, पण आकडा ठरलेला आहे, महागाईशी बांधलेला नाही. आज तिशीत असलेली घरकामवाली साठीला जे पाच हजार घेईल, त्यांची किंमत सहा टक्के महागाई धरली तर आजच्या सुमारे ८७० रुपयांएवढी असेल. सरकारने धोका व्यक्तीच्या खांद्यावर दिला तर निदान खांद्याकडे पाहून द्यावा. किमान पेन्शन महागाईशी जोडणे आणि असंघटित कामगाराच्या पेन्शनीत सरकारचा खरा वाटा असणे, या दोन मागण्यांसाठी ज्यांना पेन्शन आहे त्यांनीही आवाज उठवायला हवा. त्यांच्या घरची धुणीभांडी करणारी बाईही म्हातारी होणार आहे.

पणजोबांना मुलाने सांभाळले, आजोबांना पेन्शनने. आजच्या पन्नाशीच्या माणसाला या दोन्हींपैकी एकावरही पूर्ण भार टाकता येणार नाही. त्याला स्वतःची पुंजी लागेल, घरच्यांची साथ लागेल आणि थोडा सरकारचा हातही लागेल. यांतली पहिली गोष्ट जमवायला वेळ लागतो, आणि तो वेळ या महिन्यापासून मोजायला हवा.